समुद्र नसलेल्या नगरीचा काठ

समुद्रकाठच्या गावाला एक भाग्य आपोआप लाभते. दिवसभराचे काम आटोपले, की तेथील मनुष्य कोणासही न विचारता किनाऱ्याकडे पावले वळवितो. वसईच्या किनाऱ्यावरील सुरूची बने, रत्नागिरीची मांडवी, पणजीचे मिरामार, मुंबईची गिरगाव चौपाटी ही सारी स्थळे दिसावयास निरनिराळी आहेत. परंतु त्यांचा मोठा गुण एकच. तेथे श्रीमंत आणि गरीब, आजोबा आणि नातू एकाच वाऱ्यावर बसतात, आणि त्या वाऱ्याचे भाडे कोणी मागत नाही.

आमच्या मकरपुऱ्याला हे भाग्य नाही. येथे कारखान्यांच्या पाळ्या बदलतात, मालमोटारींची रांग हमरस्त्यावर सरकत असते, आणि उन्हाळ्यातील दुपार अंगाची लाही लाही करून सोडते. ज्यांची मुळे कोकणात किंवा वसईत आहेत अशी कुटुंबे सुटीत किनाऱ्यावर जाऊन आली, की म्हणतात, “बडोद्याला सारे आहे, फादर, फक्त समुद्र नाही!” म्हणणे खरे आहे. खंबायतचे आखात येथून साठ-सत्तर किलोमीटर दूर. परंतु समुद्र नाही म्हणून काठच नाही, असे मात्र नव्हे. या नगरीला नदी आहे, तलाव आहेत, नदीकाठचे उद्यान आहे. म्हणून आज आम्ही वाचकांना मकरपुऱ्याहून निघून बडोद्याच्या पाणकाठाने फिरवून आणण्याचे योजिले आहे. वाटेत एक प्रश्न सोबतीला असू द्यावा: पाण्याचा काठ कोणाचा?

प्रारंभ आपल्या दारापासूनच करू. मकरपुऱ्याचा राजवाडा खंडेराव महाराजांच्या काळात, 1870 च्या सुमारास, उन्हाळी निवासासाठी उभा राहिला. कमानींचे सज्जे, भोवती झाडी आणि कारंजी, असा तो इटालियन धाटणीचा प्रासाद होय. पुढे सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत त्याचा विस्तार झाला. आज ही वास्तू भारतीय वायुसेनेच्या ताब्यात असून तेथे प्रशिक्षणाचे काम चालते. तेव्हा आपणांस बाहेरूनच पुढे जावयाचे आहे. परंतु जाता जाता एवढे ध्यानात घ्यावे, की पाण्याच्या गारव्यात बसण्याची हौस त्या काळी राजघराण्याची होती आणि तिच्याभोवती भिंत होती. आपल्या उपनगराच्या नावातच ‘मकर’ आहे. मगरीशी नाते सांगणारा हा शब्द. आणि खऱ्या मगरीही आपल्यापासून फारशा दूर नाहीत. त्यांची भेट पुढे होईलच.

मांजलपूर, लालबाग असे करीत आपण राजमहाल रस्त्याला लागतो. डाव्या हाताला लक्ष्मीविलास राजवाड्याचे विस्तीर्ण आवार पसरलेले आहे. 1890 मध्ये पूर्ण झालेला हा राजवाडा पाहावयास देशोदेशीचे प्रवासी येतात. परंतु आपण आज पाण्याचे यात्रेकरू आहोत, तेव्हा त्याच आवारातील नवलखी वावेचे स्मरण करून पुढे जाऊ. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. ही पंधराव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे राजवाड्याहून सुमारे पावणेपाचशे वर्षांनी वडील. गुजरातच्या या कोरड्या मुलखात पाण्याकडे जाणारी प्रत्येक पायरी किती श्रमाने घडविली जाई, हे या वावा सांगतात. पाणी खाली जाई, आणि माणूस त्याच्यामागे पायरी पायरीने उतरत जाई.

तेथून दांडिया बाजाराकडे वळले, की सूरसागर दिसतो. नगरीच्या ऐन मध्यावर असलेला हा तलाव. त्याला चहूबाजूंनी दगडी बांध आहे, आणि मधोमध शंकराची शंभर फुटांहून उंच मूर्ती उभी आहे. एका बाजूस संगीत महाविद्यालय आहे. 1886 मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली सुरू झालेल्या गायनशाळेतून ते वाढले. जवळच 1896 चे न्यायमंदिर आहे. ज्या नगरीने आपली गायनशाळा आणि आपले न्यायालय तलावाच्या शेजारी ठेवले, त्या नगरीला पाण्याची संगत आवडत नव्हती असे कोण म्हणेल? सूरसागराच्या कडेने आता फिरावयाचा मार्ग केलेला आहे. सायंकाळी दिवे लागले, की तेथे वृद्ध मंडळी मंद पावलांनी फेऱ्या घालतात, आणि कॉलेजातील मुले कठड्याला टेकून गप्पा मारतात.

परंतु पाण्याच्या शोभेबरोबर पाण्याचा इतिहासही सांगितला पाहिजे. ऑगस्ट 1993 मध्ये याच सूरसागरात नाव उलटून 22 जणांचा अंत झाला. ती आठवण जुन्या बडोदेकरांच्या मनात अजून ओली आहे. आणि ती ओली असतानाच, 18 जानेवारी 2024 रोजी, शहराच्या पलीकडल्या टोकाच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव बुडाली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका परत आल्या नाहीत. नावेत बसविता येतील त्यांहून पुष्कळ अधिक मुले बसविली होती, आणि सर्वांच्या अंगावर तरंगण्याचे जाकीट नव्हते. ही मुले आनंदासाठी गेली होती. सकाळी डबा भरून देणाऱ्या त्या मातांचे दुःख कोणत्या शब्दांनी हलके होणार? आम्ही ही गोष्ट येथे लिहितो ती कोणाचे मन उदास करावे म्हणून नव्हे. पाण्याच्या काठी मूल नेणे हा आनंद आहे, आणि ती जबाबदारीही आहे. दोन्ही एकाच हातात धरावी लागतात.

आता नदीकडे वळू. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि नागमोडी वळणे घेत बडोद्याच्या मधून वाहते. या नगरीचा जन्मच तिच्या काठी झाला. पश्चिम तीरावर अंकोट्टक नावाचे प्राचीन गाव होते. आजचे अकोटा ते हेच. तेथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती बडोद्याच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. नदीला मोठे पूर येऊ लागले तेव्हा लोक पूर्वेकडील उंचवट्यावर, वटपद्रक नावाच्या खेड्यात, वस्तीस गेले असे सांगतात. इसवी सन 812 च्या राष्ट्रकूट ताम्रपटात वटपद्रकाचा उल्लेख आहे, आणि तेच पुढे वडोदरा, बडोदा झाले. नदीने जागा मागितली, आणि माणसे शहाणपणाने बाजूला सरली. आपल्या नगरीचा हा पहिला धडा होय.

त्यानंतरचा मोठा धडा कमाटीबागेचा. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातील मुलगा 1875 मध्ये दत्तक घेतला गेला आणि सयाजीराव गायकवाड या नावाने बडोद्याच्या गादीवर बसला. 1879 मध्ये, महाराज अद्याप अज्ञान असून दिवाण सर टी. माधवराव कारभार पाहत असता, विश्वामित्रीच्या काठी हे उद्यान लोकांसाठी सिद्ध झाले. शंभर एकरांहून मोठे असे हे आवार आहे. राजवाड्याची बाग भिंतीच्या आत असते. ही बाग मात्र नगरीच्या स्वाधीन केलेली. तिच्यातून नदी वाहते, नदीवर पूल आहे, दोन्ही तीरांवर झाडी आहे. पहाटे येथे आले असता पाच-पन्नास तऱ्हेच्या माणसांची एक सभाच भरलेली दिसते. कोणी व्यायाम करतो, कोणी वर्तमानपत्र वाचतो, कोणी वडाखाली नुसताच बसतो. मराठी, गुजराती, हिंदी या तिन्ही भाषा एकाच बाकावर ऐकू येतात.

याच बागेत 1917 च्या सप्टेंबर महिन्यात एक तरुण एकटाच बसला होता. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेत शिकून आला होता, आणि कराराप्रमाणे बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाला होता. एवढा विद्वान, परंतु अस्पृश्य म्हणून या शहरात त्याला कोणी घर देईना. एका पारशी विश्रामगृहात तो नाव बदलून राहिला. ते उघडकीस येताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्याला तेथून निघून जाण्यास बजावले. हिंदू मित्राचे दार उघडले नाही, आणि ख्रिस्ती मित्राचेही नाही. शेवटी रात्रीच्या मुंबई गाडीची वेळ होईपर्यंत त्याने कमाटीबागेत आसरा घेतला. हा तरुण म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. ही सारी हकिगत त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेविली आहे, आणि बागेतील ते स्थळ आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखले जाते.

आम्ही ख्रिस्ती वाचकांनी त्या हकिगतीतील एका वाक्यापाशी थांबले पाहिजे. जी दारे लागली, त्यांत एक दार आपल्या नावाचे होते. त्या दिवशी बडोद्यात त्याला सामावून घेणारी एकच जागा उरली, आणि ती होती नदीकाठची सार्वजनिक बाग. बागेने त्याची जात विचारली नाही. सार्वजनिक काठ म्हणजे काय, हे याहून स्पष्ट करून सांगता येईल असे आम्हांस वाटत नाही. ज्याला कोठेही जागा नाही, त्यालाही जेथे बसता येते, तो काठ सर्वांचा. म्हणून अशा जागेवर फाटक बसविण्याचा, तिकीट लावण्याचा किंवा तिचा तुकडा तोडून कोणास देण्याचा विचार जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा त्या बाकावरच्या एकाकी तरुणाची आठवण नागरिकांनी ठेवावी.

बागेतील संग्रहालयही सहकुटुंब पाहावे. तेथे एक आश्चर्य आहे. समुद्र नसलेल्या या नगरीत निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सुमारे 22 मीटर लांबीचा! 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी हा मासा वाहून आला. मुले त्याच्या बरगड्यांखाली उभी राहून तोंड वर करून पाहतात, आणि समुद्र किती मोठा असेल याचा हिशेब आपापल्या परीने करतात. आपणही तो करावा; कारण पुलाखालून वाहणारे विश्वामित्रीचे पाणीही अखेर त्याच आखाताला जाऊन मिळावयाचे आहे.

पुलावर उभे राहून खाली पाहिले, तर पुष्कळदा चिखलाच्या उतारावर ऊन खात पडलेली मगर दिसते. लाखो लोकवस्तीच्या शहरातून वाहणारी नदी आणि तिच्यात मगरींची वस्ती, असे दृश्य जगात फार थोड्या ठिकाणी असेल. 2025 मधील गणनेत शहरातून जाणाऱ्या पात्रात चारशेहून अधिक मगरी आढळल्या. मगरीची मादी उन्हाळ्याच्या तोंडी काठच्या मातीत बीळ करून अंडी घालते, आणि पावसाळ्याच्या सुमारास पिले पाण्यात उतरतात. म्हणजे तिला मऊ मातीचा उतार हवा, झाडोरा हवा. नदीत शहराचे सांडपाणी सोडले जाते, काठावर कचरा टाकला जातो. तरीही हा जीव तेथे टिकून आहे. काठ कोणाचा, या आपल्या प्रश्नाला नदीतून असे एक मूक उत्तर डोके वर काढते.

आणि आता 2024 च्या ऑगस्टची गोष्ट. महिनाअखेर मोठा पाऊस झाला. आजवा आणि प्रतापपुरा या वरच्या सरोवरांचे पाणी आले, आणि विश्वामित्रीने धोक्याची सुमारे 25 फुटांची रेषा ओलांडून 35 फुटांच्याही पुढे मजल मारली. वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. तळमजल्यावरील कुटुंबे दोन-दोन, तीन-तीन दिवस वरच्या मजल्यांवर अडकून पडली. त्या थोड्याच दिवसांत लोकवस्तीतून वीसहून अधिक मगरी पकडून सोडवाव्या लागल्या. त्याआधी 31 जुलै 2019 रोजी एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस पडला होता, तेव्हाही असाच हाहाकार उडाला. त्या दिवसांत शेजाऱ्याने शेजाऱ्याला शिजविलेले अन्न पोहोचविले, अनोळखी मुलांनी आजारी वृद्धांना खांद्यावरून बाहेर काढले. हे सारे बडोदेकरांनी पाहिले आहे. परंतु करुणा पुरानंतरची. शहाणपण पुराआधी लागते.

पूर का चढतो, हे पाणकाठाने चालणाऱ्याला पुस्तकाशिवाय समजते. विश्वामित्री अरुंद आणि वळणांची नदी आहे. तिच्या दोन्ही अंगांना घळी होत्या, सखल पाणथळी होत्या, तलाव होते. जादा पाणी तेथे पसरे, थबके, जिरे, आणि मग सावकाश पुढे जाई. या घळी भरून काढून त्यांवर इमारती उठल्या, तलाव आक्रसले, पात्रात राडारोडा पडला. पाण्याची बसावयाची जागा गेली. मग ते आपल्या बैठकीच्या खोलीत येऊन बसले. अकोट्याच्या पूर्वजांनी नदीसाठी जागा सोडली. आपण तिची जागा घेतली, एवढाच दोहोंमधील फरक.

पुरानंतर 2025 मध्ये पात्रातील गाळ काढण्याचे आणि पात्र रुंद करण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. काठावर सुंदर फिरण्याची जागा व्हावी ही इच्छाही शहरात बरीच जुनी आहे, आणि ती स्वाभाविकही आहे. पुष्कळ जण अमदावादच्या साबरमतीकडे बोट दाखवितात. तेथे 2012 पासून दोन्ही काठांवर कित्येक किलोमीटर लांबीचे सिमेंटचे मार्ग लोकांसाठी खुले झाले, आणि सायंकाळी तेथे हजारो कुटुंबे आनंदाने फिरतात, हे आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्यासाठी काठावरील हजारो झोपड्या हलवाव्या लागल्या. आणि तेथील पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणून बंधाऱ्याने अडवून धरलेले आहे. विश्वामित्रीची प्रकृती निराळी. तिला दोन्ही बाजूंनी उभ्या भिंती घातल्या, तर मगरीचे बीळ जाईल, काठच्या मातीची पाणी शोषण्याची शक्ती जाईल, आणि अरुंद झालेल्या पात्रातून पूर अधिक उंच उसळेल.

मग फिरण्याची वाट होऊच नये काय? व्हावी, अवश्य व्हावी. परंतु ती नदीच्या अंगावरून न जाता नदीच्या शेजारून जावी. मातीची किंवा मुरुमाची साधी पायवाट, दोन्हीकडे करंज, कडुनिंब, वड अशी इथलीच झाडे, धोक्याच्या जागी मजबूत कठडा, आणि थोड्या अंतरावर बाक. पावसाळ्यात चार दिवस ती पाण्याखाली गेली, तरी पाणी ओसरताच पुन्हा चालता यावी. अशा वाटेला खर्च थोडा येतो, आणि तिच्यावर अनवाणी मजुरालाही संकोच वाटत नाही. कमाटीबागेने हे दीडशे वर्षांजवळ करून दाखविले आहे. त्या बागेतही पुराचे पाणी शिरते. आणि पाणी ओसरल्यावर बाग पुन्हा लोकांची होते.

ज्यांना या पाण्याचा शेवट पाहण्याची इच्छा असेल, त्यांनी एखाद्या सुटीत जंबुसरच्या बाजूस जावे. विश्वामित्री पुढे ढाढर नदीत मिसळते आणि ढाढर खंबायतच्या आखाताला मिळते. त्याच किनाऱ्यावर कावी-कंबोई येथे स्तंभेश्वराचे देऊळ भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा दिसू लागते. आखाताची भरती देशातील सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी एक असल्याने हा खेळ पाहण्यासारखा असतो. तेथील लोक भरतीचे वेळापत्रक पाहून जातात आणि पाणी येण्यापूर्वी मागे फिरतात. पाण्याशी भांडत नाहीत. त्याची वेळ त्याला देतात.

आता कुटुंबांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. फिरावयास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. उन्हाळ्यात सूर्योदयानंतरचा पहिला तास साधावा. मकरपुऱ्याहून कमाटीबाग सात-आठ किलोमीटर आहे; तेव्हा लहान मुले बरोबर असल्यास बसने किंवा रिक्षाने जावे आणि चालण्याची शक्ती बागेसाठी राखून ठेवावी. नदीच्या उतारावर कोणीही उतरू नये, पाण्यात पाय सोडून बसू नये, आणि मगरीला खाऊ टाकण्याचा खेळ तर मुळीच करू नये. नावेत बसणे झालेच, तर प्रत्येकाच्या अंगावर जाकीट बांधल्यावाचून आणि माणसे मोजल्यावाचून पाय टाकू नये. नावाड्याला राग आला तरी चालेल. खाऊचे कागद पिशवीत घालून घरी आणावेत. आणि घरात वृद्ध आई-वडील असतील, तर त्यांना एकदा तरी सूरसागराच्या कठड्यापाशी घेऊन बसावे. चार भिंतींत महिनोन् महिने बसलेल्या माणसाला पाण्यावरून आलेली झुळूक औषधासारखी वाटते.

मोठ्यांसाठी आणखी एक काम आहे. नदीकाठासंबंधी, तलावासंबंधी नगरपालिकेची एखादी योजना निघाली, की आपल्या नगरसेवकाला तीन गोष्टी विचाराव्यात. या वाटेवर गरिबाला फुकट चालता येईल काय? तेथील रहिवाशांना कोठे पाठविणार? आणि पूर आला तर पाणी कोठे बसेल? तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर योजनेला आनंदाने हातभार लावावा. न मिळाली, तर चार घरे मिळून पुन्हा विचारावीत. येत्या हिवाळ्यात एखाद्या रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, मुलाबाळांसह कमाटीबागेच्या पुलावर जाऊन या. ज्या काठाविषयी हे प्रश्न विचारावयाचे, तो काठ पायांनी ओळखीचा झालेला असावा, हे बरे.